पिवळ्या रेषेच्या अलीकडे: विमान जमिनीवर सुरक्षित कसं हलवायचं

२ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ, टोकियोचं हानेदा विमानतळ. कंट्रोलरनं जपानी तटरक्षक दलाच्या टर्बोप्रॉप विमानाला सांगितलं, तुम्ही नंबर वन, होल्डिंग पॉइंट सी-फाइव्हपर्यंत टॅक्सी करा. पायलटनं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. सी-फाइव्ह, नंबर वन, थँक यू. टॅक्सी म्हणजे चाकांवर जमिनीवरून चालणं, होल्डिंग पॉइंट म्हणजे धावपट्टीच्या आधी थांबायची जागा. सूचनेतलं काहीही सुटलं नव्हतं. मग ते विमान सी-फाइव्ह ओलांडून धावपट्टीवर गेलं आणि तिथं सुमारे ४० सेकंद उभं राहिलं. त्याच धावपट्टीवर उतरणारं एअरबस ए-३५० त्याच्यावर आदळलं. तटरक्षक विमानातल्या ६ पैकी ५ जणांचा जीव गेला. ए-३५० मधले सगळे ३७९ जण पेटलेल्या विमानातून बाहेर पडले.

रीडबॅक, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवणं, बरोबर होता, समज चुकली होती. 'नंबर वन' म्हणजे रांगेत पहिला. पायलटनं त्याचा अर्थ धावपट्टीवर जायची परवानगी असा घेतला. जमिनीवरच्या बहुतेक मोठ्या अपघातांत ना इंजिन बिघडलेलं असतं, ना पंख. एका माणसाच्या डोक्यातलं चित्र आणि जमिनीवरची वस्तुस्थिती यांची फारकत झालेली असते, आणि हे त्या माणसाला ठाऊक नसतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच प्रश्नाभोवती फिरतात: मी आत्ता नेमका कुठे आहे, आणि पुढची कोणती रेषा परवानगीशिवाय ओलांडायची नाही?

हा लेख शिकाऊ पायलटांसाठी आहे, विमानतळाच्या आतल्या भागात गाडी चालवण्याचं परमिट काढणाऱ्यांसाठी आहे, आणि रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या आवारात, नव्यानं लागलेल्यांसाठीही. सिम्युलेटरवर उडणाऱ्यांनाही तो चालेल. नियमांचा गाभा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, म्हणजे आयकाओचा आहे, त्यामुळे तो जवळजवळ सगळीकडे सारखाच सापडतो. स्थानिक फरक त्या त्या विमानतळाच्या पुस्तिकेत असतात, ते तिथूनच घ्यायचे.

आधी नकाशा, मग इंजिन

विमानतळाचा जमिनीचा नकाशा, म्हणजे एरोड्रोम चार्ट, समोर घ्या आणि बोटानं मार्ग काढा. खरंच बोटानं. डोळे रेषेवरून सहज घसरतात, बोट वळणावर अडखळतं, आणि ते अडखळणंच आपल्याला हवं असतं. आपण कुठल्या स्टँडवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवर आहोत, बाहेर पडल्यावर डावीकडे की उजवीकडे, कोणता टॅक्सीवे (धावपट्टीकडे जायचा विमानांचा रस्ता), वाटेत किती धावपट्ट्या आडव्या येतात, प्रत्येकीच्या आधी थांबायची रेषा कुठे. एवढं कागद न बघता सांगता आलं पाहिजे.

नकाशावर काही ठिकाणी वर्तुळं काढून एचएस-वन, एचएस-टू असं लिहिलेलं असतं. हे हॉटस्पॉट. तिथं आधी चुका झाल्या आहेत किंवा होण्यासारखी रचना आहे. दोन टॅक्सीवे अरुंद कोनात मिळतात, दोन धावपट्ट्यांची टोकं जवळजवळ येतात, किंवा एप्रनमधून, म्हणजे रॅम्पमधून, बाहेर पडल्या पडल्या समोर धावपट्टी येते. हॉटस्पॉटजवळ जायच्या आधी कॉकपिटमधलं बाकीचं काम थांबवा. चेकलिस्ट वाचायची असेल तर ती त्याच्या आधी वाचा किंवा पार झाल्यावर.

नोटॅम, म्हणजे तात्पुरत्या बदलांच्या सूचना, त्याही याच वेळी वाचा. कोणता टॅक्सीवे बंद, कुठे काम सुरू, कोणते दिवे नादुरुस्त. ३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री वादळी पावसात तैपेईहून निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग ७४७ जायला हवं होतं ०५-लेफ्ट धावपट्टीवर. ते वळलं तिच्या शेजारच्या, कामासाठी बंद असलेल्या ०५-राइटवर. वेग घेतल्यावर पुढे बांधकामाची यंत्रं होती. १७९ पैकी ८३ जण गेले. धावपट्टी बंद असल्याचं वैमानिकांना माहीत होतं. आपण त्याच धावपट्टीवर आहोत, हे माहीत नव्हतं.

रंग पाठ करा, बाकी आपोआप जमतं

सुरुवातीला फलक, रेषा आणि दिवे यांचा गोंधळ उडतो. एक किल्ली हातात ठेवा: जमिनीवर रंगवलेलं पांढरं ते धावपट्टीचं, पिवळं ते टॅक्सीवेचं. पांढरा जाड आकडा दिसला तर तुम्ही धावपट्टीवर आहात, मग डोक्यातलं चित्र काहीही म्हणो.

फलकांचं तसंच. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर म्हणजे तुम्ही आत्ता या टॅक्सीवेवर आहात. पिवळ्या पाटीवर काळं अक्षर आणि बाण म्हणजे या बाजूला तो टॅक्सीवे आहे. लाल पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे सक्ती: परवानगीशिवाय पुढे पाऊल नाही. त्या लाल पाटीवर '०९–२७' असं लिहिलेलं असेल तर नुसतं 'धावपट्टी आली' एवढंच वाचून सोडू नका. डावीकडचा आकडा सांगतो की ०९ चं टोक तुमच्या डाव्या हाताला आहे, २७ चं उजव्या हाताला. तुम्हाला २७ वरून उडायचं असेल तर कुठे वळायचं, हे पाटीच सांगते.

हे आकडे कुठून येतात? धावपट्टीची चुंबकीय दिशा घ्यायची, दहानं भागायचं, जवळचा पूर्णांक. ९० अंश म्हणजे ०९, उलट बाजूनं २७०, म्हणजे २७. समांतर धावपट्ट्या असतील तर लेफ्ट, सेंटर, राइट. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव सरकत असल्यामुळे काही दशकांनी हे आकडे बदलून पुन्हा रंगवावे लागतात. गंमत म्हणून लक्षात ठेवा, पण उपयोगही आहे: होकायंत्र आणि रंगवलेला आकडा यांचा मेळ बसला पाहिजे. हा मुद्दा पुढे परत येईल.

आता सगळ्यात महत्त्वाची खूण, आणि इथे जरा रेंगाळू. धावपट्टीच्या आधी टॅक्सीवेवर आडव्या चार पिवळ्या रेषा असतात. दोन सलग, दोन तुटक. सलग रेषा टॅक्सीवेच्या बाजूला, तुटक धावपट्टीच्या बाजूला. टॅक्सीवेवरून येताना सलग रेषा आधी लागते: ती भिंत समजा. धावपट्टीवरून बाहेर येताना तुटक आधी लागते: ते उघडं दार. नवशिक्याला मी गुडघ्यावर बसवून या रेषा दाखवतो, कारण गाडीतून किंवा कॉकपिटमधून त्या तिरप्या दिसतात आणि ओल्या डांबरावर तर एकमेकींत मिसळून जातात. अनेक ठिकाणी या रेषेच्या आधी टॅक्सीवेच्या मधल्या पिवळ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना तुटक पिवळ्या पट्ट्याही असतात. त्या दिसायला लागल्या की पाय ब्रेकवर आला पाहिजे. ती सूचना आहे, सजावट नाही.

थांबायची रेषा धावपट्टीपासून चांगली लांब असते, मोठ्या विमानतळांवर धावपट्टीच्या मध्यरेषेपासून साधारण ९० मीटर. माणूस म्हणतो, धावपट्टी तर अजून तिकडे आहे, मी दोन मीटर पुढे गेलो तर काय बिघडलं? बिघडलं ते असं की रेषेच्या पलीकडचा सगळा भाग संरक्षित आहे. उतरणाऱ्या विमानाच्या पंखांसाठी, वाट चुकणाऱ्या विमानासाठी, रेडिओ संकेतांसाठी. नाक रेषेच्या पुढे गेलं की नोंदीत ती रनवे इन्कर्जनच, म्हणजे धावपट्टीत विनापरवाना शिरणं, धावपट्टी रिकामी असो वा नसो.

रात्री दिवे वाचा. टॅक्सीवेच्या कडेला निळे, मध्यावर हिरवे. धावपट्टीच्या कडेला पांढरे, सुरुवातीला हिरवे, शेवटाला लाल. धावपट्टीचे मधले दिवे शेवटच्या ९०० मीटरपासून लाल-पांढरे आळीपाळीनं आणि शेवटच्या ३०० मीटरला नुसते लाल होतात, म्हणजे किती लांबी उरली ते पायलटला न मोजता कळतं. थांबायच्या रेषेपाशी दोन्ही बाजूंना आळीपाळीनं लुकलुकणारे पिवळे दिवे म्हणजे पुढे धावपट्टी आहे. आणि रेषेवर आडवी लाल दिव्यांची ओळ म्हणजे स्टॉप बार. पेटलेला स्टॉप बार ओलांडायचा नाही. कंट्रोलरनं तोंडी परवानगी दिली तरी नाही. थांबायचं, 'स्टॉप बार पेटलेला आहे' असं सांगायचं आणि तो विझायची वाट बघायची. तोंडी परवानगी आणि लाल दिवे यांच्यात वाद असेल तर एकजण चुकतोय, आणि कोण ते रेषेच्या अलीकडे उभं राहूनच शोधायचं.

रेडिओवर: कमी शब्द, ठरलेले शब्द

२७ मार्च १९७७ ला टेनेरिफवर केएलएम आणि पॅन ॲमची दोन ७४७ एकमेकांवर आदळली. ५८३ जण गेले. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा सगळ्यात जास्त बळी घेणारा अपघात, आणि तो जमिनीवर झाला. धुकं होतं, आणि पॅन ॲमचं विमान अजून त्याच धावपट्टीवरून टॅक्सी करत होतं. कंट्रोलरनं केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला, त्यात 'टेक-ऑफ' हा शब्द होता. केएलएमनं उत्तर दिलं, 'वी आर नाऊ ॲट टेक-ऑफ.' कंट्रोलरला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. ते धावायला लागलं होतं. कंट्रोलर म्हणाला, 'ओके', मग, 'थांबा, मी बोलावतो'. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमनं आम्ही अजून धावपट्टीवर आहोत असं सांगितलं. दोन्ही आवाज एकमेकांवर आपटले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये एक कर्कश शिट्टी ऐकू आली.

तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द रेडिओवर फक्त दोनदा उच्चारायचा: उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना-घेताना, किंवा ती रद्द करताना. बाकी सगळीकडे 'डिपार्चर'. नुसतं 'ओके', 'रॉजर' यांनी धावपट्टीशी संबंधित कुठल्याही सूचनेचं उत्तर द्यायचं नाही.

एक नमुना बघा.

कंट्रोलर: सिएरा अल्फा ब्राव्हो, टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट चार्ली थ्री, रनवे टू सेव्हन, व्हाया अल्फा, होल्ड शॉर्ट ऑफ रनवे वन फोर.

पायलट: टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट चार्ली थ्री, रनवे टू सेव्हन, व्हाया अल्फा, होल्डिंग शॉर्ट ऑफ रनवे वन फोर, सिएरा अल्फा ब्राव्हो.

लांबलचक वाटतं, पण यातलं काहीही गाळता येत नाही. धावपट्टीचा आकडा, 'होल्ड शॉर्ट' (अलीकडे थांबा), 'क्रॉस', 'लाइन अप अँड वेट' (धावपट्टीवर जाऊन थांबा), 'क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ', 'क्लिअर्ड टू लँड' आणि शेवटी आपलं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव: हे सगळं परत म्हणून दाखवायचंच. पायलटनं चुकीचं म्हटलं तर कंट्रोलरनं तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. आणि आपल्या कॉलसाइनसारखं दुसरं कॉलसाइन फ्रिक्वेन्सीवर असेल तर कान दुप्पट उघडे ठेवायचे.

पण हानेदानं शिकवलं की एवढंही पुरत नाही. त्या अपघातानंतर जपाननं 'नंबर वन' असं रांगेतलं स्थान सांगणं काही काळ थांबवलं होतं. मी शिकवताना त्यात एक सवय जोडतो. परवानगी आली की दोघा पायलटांपैकी एकजण रीडबॅक देतो, दुसरा नकाशावर बोट ठेवून मोठ्यानं म्हणतो: 'आपण इथे, वन फोरच्या अलीकडे थांबायचं.' दोघांचं बोट वेगवेगळ्या जागी पडलं तर पुन्हा विचारायचं. 'से अगेन' म्हणायला लाज वाटू देऊ नका. कंट्रोलर एखाद्या वेळी चिडून बोलेल, त्यानं काही होत नाही.

सशर्त परवानगीचा एक प्रकार असतो: 'बिहाइंड द लँडिंग एअरबस, लाइन अप अँड वेट, बिहाइंड.' शेवटी 'बिहाइंड' दुसऱ्यांदा येतो तो मुद्दाम, कारण पहिला शब्द आवाजात बुडू शकतो. ज्या विमानाच्या मागे जायचं ते तुम्हाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. दिसत नसेल किंवा दोन एअरबस दिसत असतील तर ती परवानगी घेऊ नका.

स्टँडवरून मागे: पुशबॅक

विमानाच्या पोटावरचा आणि पाठीवरचा लाल लुकलुकता बीकन लागला की रॅम्पवरचा प्रत्येकजण दूर सरकतो. इंजिन सुरू आहे, होणार आहे, किंवा विमान हलणार आहे, असा त्याचा अर्थ.

हेडसेट लावलेला माणूस नाकाशी उभा असतो. त्याच्या आणि कॉकपिटच्या संवादात फाटाफूट झाली तर टग, म्हणजे विमान ढकलणारा ट्रॅक्टर, काहीच वाचवू शकत नाही. क्रम असा: चाकांखालचे चॉक्स (अडसर) काढले, दारं बंद, मागचा भाग मोकळा, पंखाच्या टोकांशी माणसं उभी, कंट्रोलची पुशबॅकची परवानगी मिळाली. मग हेडसेटवाला म्हणतो, पार्किंग ब्रेक सोडा. कॉकपिटमधून 'ब्रेक सोडला' असं उत्तर ऐकल्याशिवाय टग हलत नाही. ब्रेक लागलेला असताना ढकललं तर टोबारची, म्हणजे टग आणि विमान जोडणाऱ्या दांड्याची, शिअर पिन तुटते, आणि तीच तुटावी म्हणून बसवलेली असते. नाकाच्या चाकाचा सांगाडा वाकण्यापेक्षा ते स्वस्त.

पुशबॅकआधी नाकाच्या चाकात एक बायपास पिन घातलेली असते. तिच्यामुळे कॉकपिटमधल्या स्टिअरिंगचं हायड्रॉलिक तुटतं, नाहीतर पायलटच्या हाताच्या हालचालीनं टगवाला फेकला जाईल. पुशबॅक संपल्यावर ब्रेक लावला, टोबार काढला, की हेडसेटवाला बाजूला जातो, लाल फीत लटकणारी ती पिन हात वर करून कॉकपिटला दाखवतो. पायलटनं ती बघून खूण केली की त्याचं काम संपलं. पिन दिसली नाही तर विमान हलवायचं नाही. आत राहिली तर वळणच घेता येणार नाही, आणि हे पहिल्या वळणावर कळणं म्हणजे टॅक्सीवे अडवून बसणं.

टॅक्सी: वेग आणि पंख

हलल्याबरोबर ब्रेक तपासा. सरळ मोकळ्या टॅक्सीवेवर २० ते ३० नॉट (ताशी सागरी मैल), वळणावर १० च्या आसपास. ओलं असेल, गर्दी असेल तर त्याहून कमी. वेग डोळ्यांनी मोजू नका, कारण मोठ्या विमानात पायलट इतक्या उंचावर बसलेला असतो की ३० नॉटही चालण्याइतके वाटतात.

पंखांचा अंदाज हे खरं दुखणं. ए-३२० चा पंखविस्तार साधारण ३६ मीटर, ७७७-३००ईआरचा जवळपास ६५, ए-३८० चा ८० च्या घरात. मोठ्या विमानांत कॉकपिटमधून आपल्याच पंखाचं टोक नीट दिसत नाही. शिवाय मागे झुकलेल्या पंखाचं टोक वळताना बाहेरच्या बाजूला फिरतं, म्हणजे वळायच्या आधी मोकळी वाटलेली जागा वळताना भरून जाते. म्हणून मध्यरेषेवर राहायचं, आणि रेषेवर राहूनही शंका आली तर थांबायचं. बाहेर माणूस बोलावून मोजून घ्यायला पाच मिनिटं लागतात.

मोठ्या विमानांत नाकाचं चाक पायलटच्या मागे असतं. म्हणून वळणावर कॉकपिट रेषेच्या बाहेर जाईपर्यंत सरळ जाऊन मग वळायचं. पहिल्यांदा गवतावर जातोय असंच वाटतं.

ट्रान्सपॉन्डर टॅक्सीच्या आधी चालू करा. जमिनीवरचं रडार आणि धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणा त्यावरच विमान ओळखतात. टॅक्सीच्या काळात कॉकपिटमध्ये गप्पा नाहीत, जेवण नाही, कंपनीचे फोन नाहीत.

धावपट्टी ओलांडताना आणि धावपट्टीवर जाताना

परवानगी मिळाली तरी दोन्ही बाजूंना बघा. डावीकडे मोकळं, उजवीकडे मोकळं, असं दोघांनी मोठ्यानं म्हणा. बाहेरचे दिवे लावा. ओलांडायला सुरुवात केली की मध्ये थांबायचं नाही. उतरणारं विमान १४० नॉटनं येत असेल तर सेकंदाला साधारण ७२ मीटर जातं. हानेदाच्या त्या ४० सेकंदांत ते जवळपास तीन किलोमीटर पार करतं.

मग लाइन अप. धावपट्टीवर वळल्याबरोबर तीन गोष्टी: समोरचा पांढरा आकडा, होकायंत्रावरची दिशा, आणि उपकरणांत धावपट्टीची मध्यरेषा. तिन्ही जुळल्या पाहिजेत. २७ ऑगस्ट २००६ च्या पहाटे, अंधारात, अमेरिकेतल्या लेक्झिंग्टनला कॉमएअरचं एक जेट सात हजार फुटी २२ ऐवजी साडेतीन हजार फुटी २६ वर वळलं. दोन धावपट्ट्यांच्या दिशांत ४० अंशांचा फरक होता. दिशादर्शकाकडे एक नजर टाकली असती तरी कळलं असतं. ५० पैकी ४९ जण गेले.

रात्री आणखी एक सापळा: रुंद डांबरावर वळताना कडेचे पांढरे दिवे मधल्या रांगेचे समजून त्यावर सरळ होणं. तुमच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दिवे आहेत का, ते बघा. नसतील तर तुम्ही कडेवर आहात.

'लाइन अप अँड वेट' मिळून उभे असाल आणि मिनिट दोन मिनिटं काहीच बोलणं झालं नाही, तर विचारा. १ फेब्रुवारी १९९१ ला लॉस एंजेलिसला एका छोट्या प्रवासी विमानाला धावपट्टीवर थांबायला सांगितलेलं कंट्रोलर विसरली, आणि तिनं त्याच धावपट्टीवर एक ७३७ उतरवलं. दोन्हींत मिळून ३५ जण गेले. अशी चूक टाळायला टॉवरमध्ये धावपट्टी व्यापलेली असताना विमानांच्या नोंदींच्या पट्टीवर एखादी ठसठशीत खूण ठेवायची पद्धत पाळली जाते. आठवणीवर सोडायचं नाही, हातानं हलवायला लागेल अशी वस्तू ठेवायची. पायलटकडे तशी वस्तू नाही, पण रेडिओ आहे. फ्रिक्वेन्सीवर आपल्याच धावपट्टीसाठी 'क्लिअर्ड टू लँड' ऐकू आलं तर ताबडतोब तोंड उघडा.

उतरल्यावर

बाहेर पडायचा मार्ग आकाशात असतानाच ठरवा. धावपट्टी सोडल्यावर थांबायचं असेल तर आधी संपूर्ण विमान, शेपटासकट, त्या चार रेषांच्या पलीकडे गेलं पाहिजे. ७७७-३००ईआर सुमारे ७४ मीटर लांब आहे. नाक बाहेर पडलं म्हणजे धावपट्टी मोकळी झाली, असं नाही. आणि एका धावपट्टीवरून उतरून न विचारता दुसऱ्या धावपट्टीवर वळायचं नाही.

गाडी चालवणाऱ्यांनो

विमानाला सगळीकडे आधी वाट. छतावरचा पिवळा दिवा चालू, रेडिओ चालू, कॉलसाइन पाठ. बीकन पेटलेल्या विमानाच्या मागून जायचं नाही. पंखाखालून कधीच नाही. धावपट्टीवर काम असेल तर आत जाताना परवानगी आणि बाहेर आल्यावर 'रनवे व्हेकेटेड' हा शब्द कंट्रोलच्या कानावर घालायचा. कंट्रोलर तो शब्द ऐकेपर्यंत तुम्ही त्याच्या हिशोबात आतच असता.

रेडिओ बंद पडला तर टॉवरकडे बघा. गाडीसाठी टॉवरच्या दिव्याचा अर्थ असा: लुकलुकता हिरवा म्हणजे ओलांडायला किंवा टॅक्सीवेवर जायला परवानगी. स्थिर लाल म्हणजे थांबा. लुकलुकता लाल म्हणजे धावपट्टी किंवा टॅक्सीवे सोडा आणि विमानांवर नजर ठेवा. लुकलुकता पांढरा म्हणजे हालचालीचं क्षेत्र सोडून जा. धावपट्टीचेच दिवे लुकलुकायला लागले तर बाहेर पडा आणि टॉवरकडे बघा.

जाता जाता खाली पडलेलं उचला. नट, बॅगेचं चाक, प्लास्टिकची पट्टी. २५ जुलै २००० ला पॅरिसला धावपट्टीवर पडलेल्या सुमारे ४३ सेंटीमीटर लांबीच्या धातूच्या पट्टीनं कॉन्कॉर्डचं टायर फाटलं, आणि पुढे विमानातले १०९ व जमिनीवरचे ४ जण गेले. ती पट्टी आधीच्या एका विमानातून निखळलेली होती. हातानं उचलता येण्यासारखी असेल तर उचला. धावपट्टीवर दिसली तर उचलायला धावू नका, रेडिओवर कळवा.

धुक्यात आणि वाट चुकल्यावर

८ ऑक्टोबर २००१ ला मिलानच्या लिनाटेवर धुक्यात एक छोटं सेस्ना जेट ठरलेल्या आर-फाइव्ह ऐवजी आर-सिक्स टॅक्सीवेनं गेलं आणि धावपट्टीवर आलं. तिथं उड्डाण घेणारं एसएएसचं एमडी-८७ त्याच्यावर आदळलं. ११८ जण गेले. जमिनीवरचं रडार चालू नव्हतं, कंट्रोलरला काहीच दिसत नव्हतं.

माझी स्वतःची एक धुक्याची सकाळ आहे. एस्कॉर्ट गाडी घेऊन निघालो, पाटी बघितली, वाचली, आणि पुढे जाऊन लक्षात आलं की मी वाचलं ते मला हवं असलेलं अक्षर होतं, लिहिलेलं नव्हे. थांबलो, कळवलं. कंट्रोलरनं 'फॉलो-मी' गाडी पाठवली आणि अर्धा तास मी शरमेनं लाल होऊन बसलो. दुसरं काही झालं नाही.

धुक्यात थांबायच्या रेषाही बदलू शकतात. दृश्यमानता फार कमी असताना उतरणाऱ्या विमानांच्या संकेतांत अडथळा नको म्हणून धावपट्टीपासून आणखी लांबची, शिडीसारखी रंगवलेली रेषा वापरली जाते. कोणत्या रेषेशी थांबायचं ते नकाशावर आधी खूण करून ठेवा.

आणि वाट चुकलीच तर: धावपट्टीवर नसाल तर आहात तिथंच थांबा आणि 'नॉट शुअर ऑफ पोझिशन' सांगा. धावपट्टीवर असाल, किंवा असू शकता असं वाटत असेल, तर लगेच कळवा आणि दुसरी सूचना आली नाही तर जवळच्या टॅक्सीवेनं बाहेर पडा, मग थांबा. धावपट्टीवर उभं राहून नकाशा उलगडायचा नाही.

पुन्हा स्टँडवर

शेवटचे पन्नास मीटर बहुतेकजण सैल होतात. स्टँड मोकळा आहे का, मार्शलर (हातांच्या खुणांनी विमान आत घेणारा) उभा आहे का किंवा मार्गदर्शक दिवे चालू आहेत का, हे बघितल्याशिवाय आत वळायचं नाही. मार्शलर दिसेनासा झाला तर थांबायचं. त्यानं दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले की ब्रेक. मग इंजिनं बंद, ती फिरायची थांबेपर्यंत बीकन चालू. चॉक्स लावायला फक्त ठरलेला माणूस, ठरलेल्या बाजूनं जातो, तेही पायलटची खूण मिळाल्यावर. बाकीचे सगळे, शिड्या, सामानाच्या ट्रॉल्या, जेवणाच्या गाड्या, स्टँडच्या लाल रेषेबाहेर बीकन विझायची वाट बघत उभे राहतात.